वीतभर खालची खिडकी

रोजच्या वहीचे माझे दोन नियम आहेत. खोटं लिहायचं नाही आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचं उणंदुणं काढायचं नाही. सासूबाईंनी पहिली वही हातात देताना बजावलं होतं, देवासमोर वाचून दाखवता येईल एवढंच लिही. म्हणून काकांबद्दलचं हे वहीत न लिहिता सुट्या कागदांवर लिहिते आहे. यात उणं आहे ते बहुतेक माझंच आहे, पण तेही वहीत उतरेना.

काका म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचे सुतार. सगळी इमारत त्यांना पाठीमागे 'बिजागरी' म्हणते. त्यांना ते ठाऊक आहे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक बिजागरी, चार स्क्रू आणि मेणबत्तीचा एक तुकडा कायम असतो. स्क्रू लाकडात फिरवण्याआधी ते त्याला मेण चोळतात. "कोरडा घुसवला की लाकूड राग धरतं," म्हणतात. पलंग-कपाटांच्या वाटेला ते कधी गेले नाहीत, जन्मभर खिडक्याच केल्या. एका मोठ्या कारखान्याच्या लाकूडकामात बत्तीस वर्षं, आणि त्यानंतर आमच्या इमारतीत फुकट.

इमारत शंभरीच्या पुढची. खाली औषधाचं आणि शिंप्याचं दुकान, वर दोन मजले, रस्त्याकडे तोंड करून चौदा खिडक्या. एका मजल्यावर सात, दुसऱ्यावर सात. जुन्या लाकडाच्या, दोन झडपांच्या, प्रत्येक झडपेला सहा तावदानं, आणि खाली कुंड्या ठेवायला लोखंडी जाळीचा कठडा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी काका चोचीची तेलाची डबी घेऊन घरोघर फिरत. दार वाजवायचे, आत यायचे, कोणाशी न बोलता खिडकी उघडायचे, मिटायचे, परत उघडायचे. डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. मग एक थेंब तेल. आमचे हे म्हणायचे, "डॉक्टर माणसाची नाडी बघतो, हे लाकडाची. फी मात्र दोन्हीकडे आपणच वाचवतो." काका त्यांना लहानपणापासून ओळखतात, 'बाबू' म्हणतात. निवृत्त झालेल्या माणसाला कोणी बाबू म्हटलं की मला अजून हसू येतं.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा काका ऐन पन्नाशीत होते. मला पहिल्या दिवसापासून 'सूनबाई' म्हणाले. काकू तेव्हा हिंडत्याफिरत्या होत्या. जिन्यात उभ्या राहून अख्ख्या इमारतीची खबर घ्यायच्या. चौदा वर्षांपूर्वी त्याच जिन्यावरून पडल्या. पाठीचा मणका गेला. पाय गेले नाहीत, पण उरले म्हणण्यासारखेही उरले नाहीत. पलंगाच्या कडेला बसून तळवे जमिनीला टेकवायचे, भिंत धरायची, चार पावलांवर मोरी, तेवढंच; बसणंही घटकाभरच. तेवढं मात्र त्या कोणाला करू देत नाहीत. "ही चार पावलं माझी आहेत," म्हणतात.

पडल्यानंतर सहा महिने त्या भिंतीकडे बघत पडून होत्या. खिडकी पलंगापेक्षा उंच, झोपलं की नुसतं आभाळ. ज्या बाईनं जिन्यावर आयुष्य काढलं तिला आभाळ काय करायचं? अन्न कमी केलं, बोलणं थांबवलं. मग काकांनी एक सोमवार धरून करवत काढली. खिडकीखालच्या लाकडी फळ्या काढल्या, चौकट खाली वीतभर वाढवली, तिथे काच बसवली. बाहेरून कठड्याची जाळी आडवी येते, म्हणून रस्त्यावरून काही कळत नाही. आतून, पलंगावर पडल्या पडल्या, जाळीच्या मधून बसथांबा दिसतो. वीतभर काचेत सगळा बसथांबा.

तेव्हापासून काकू परत काकू झाल्या. थांब्यावरच्या माणसांना त्यांनी नावं वाटली. एक उशिरा येणारा, त्याचं नाव 'पळपुट्या'. एक बाई रोज नव्या माणसाशी बोलते, ती 'चौकशी'. दोन म्हातारे एकाच बाकावर बसून तोंडं दोन दिशांना ठेवतात, ते 'जावई-सासरे'. मी रोज सकाळी देवाचं आटोपून त्यांच्याकडे जाते, प्रार्थनेचं एक पान वाचते. त्या म्हणतात, "वाच तू, माझे कान देवाकडेच आहेत. डोळे तेवढे कामावर आहेत."

आता वरच्या सिस्टरबद्दल. काकांच्या डोक्यावरचं घर दीड वर्षापूर्वी तिनं घेतलं. मोठ्या इस्पितळात रात्रपाळी करते, एकटी राहते. काकूंना साखरेची रोजची सुई असते. काकांचा हात रंध्यावर दगडासारखा स्थिर, पण सुई धरली की थरथरतो. सिस्टरला हे कळल्या दिवसापासून ती सकाळी कामावरून परतताना आधी काकूंकडे येते, सुई टोचते, मग वर जाऊन झोपते. एक पैसा नाही, उपकाराची भाषा नाही.

या वर्षी थंडी सरता सरता जिन्यात एक कागद लागला. पालिकेचा शिक्का, खाली सिस्टरचं नाव. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खिडक्या काढून तिथे प्लास्टिकच्या चौकटीच्या, दुहेरी काचेच्या, सरकत्या खिडक्या बसवायच्या आहेत. आमची इमारत जपायच्या जुन्या इमारतींच्या यादीत असल्यामुळे परवानगी लागते. कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी कळवावी.

काका त्या कागदासमोर किती वेळ उभे होते मला माहीत नाही. मी बाजारात जाताना उभे होते, येतानाही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंजवळ बसले असताना सिस्टर आली. सुई भरता भरता म्हणाली, "काका, जिन्यातला कागद वाचलात?"

"वाचला. प्लास्टिकची?"

"दुहेरी काचेची. आवाज अर्ध्यावर येतो म्हणतात. रात्रभर उभी असते मी, आठ वाजता आडवी होते आणि साडेआठपासून बस खाली उभी राहून घुरघुरते. काका, गेल्या आठवड्यात मी एका पेशंटला दुसऱ्याचंच औषध देत होते. बरोबरीच्या मुलीनं हात धरला म्हणून बरं."

"फटींना पट्टी लावून देतो."

"गेल्या वर्षीच लावलीत."

"मग जाड पडदा."

"तोही लावला."

काकू उशीवरून म्हणाल्या, "आता कान काढून डब्यात ठेव म्हणतील, पोरी. यांचं लाकूड शाबूत राहिलं पाहिजे."

काका हसले नाहीत. म्हणाले, "सिस्टर, लाकडाची खिडकी बिघडली तर बिघडलेला तुकडा काढतो मी. बाकीची राहते. त्या खिडकीचं एक चाक मोडलं की सगळी भंगारात. आणि तुमची बसली की शेजारचे बसवणार. पाच वर्षांत चौदाच्या चौदा जातील."

"मला पाच वर्षांचं माहीत नाही हो," सिस्टर म्हणाली. "मला आज दुपारी झोपायचं आहे."

ती गेल्यावर काकूंनी तोंड फिरवलं. "दुसऱ्याच्या खिडकीत डोकं घालू नका," एवढंच बोलल्या. पण काकांनी घातलं. आठ दिवसांनी संध्याकाळी आमच्याकडे आले, हातात कोरा कागद. त्यांचं अक्षर चौकटीत न बसणारं, माझं वळणदार. म्हणाले, "सूनबाई, हरकत लिहून दे. मी सांगतो तसं."

मी लिहायला बसले. आमचे हे जन्मभर नोंदणी कचेरीत कारकून, कचेरी सुटली पण सवय सुटली नाही. खुर्ची ओढून मधे बसले. काका सांगत होते, चांगलं सांगत होते. लाकूड कोणत्या जातीचं, जोड खिळ्याशिवाय कसे केले आहेत, तावदानांच्या जुन्या काचेत उन्हाची लाट कशी दिसते. मग म्हणाले, "लिही, समोरच्या सगळ्या खिडक्या मूळच्या आहेत."

हे म्हणाले, "सगळ्या म्हणजे किती? काका, कचेरीत 'सगळ्या'ला कोणी विचारत नाही. आकडा घाला. चौदाही खिडक्या मूळच्या आणि एका मापाच्या आहेत. बघा कसं भारदस्त झालं."

काका थांबले. मला वाटलं, शब्द शोधताहेत. त्यांनी खिशातला मेणाचा तुकडा काढला, बोटांत फिरवला, परत ठेवला. म्हणाले, "बाबू म्हणतो तर घाल." मी घातलं. वळणदार अक्षरात, एक शाई न सांडता.

हरकत गेल्याचं सिस्टरला चार दिवसांत कळलं. त्या सकाळी मला वाटलं ती येणार नाही. आली. काकूंचा दंड पुसला, सुई टोचली. जाताना काकांसमोर क्षणभर उभी राहिली.

"सुई वेगळी आणि खिडकी वेगळी," म्हणाली. "उद्याही येईन. फक्त बोलायला सांगू नका."

आणि पुढचे दोन महिने ती खरंच बोलली नाही. काका रोज दार उघडून उभे राहायचे, ती आत यायची, जायची. एका घरात राग आणि औषध एकाच पिशवीतून येत होतं. काकू मला म्हणाल्या, "पूर्वी सुई दुखत नव्हती."

मग तपासणीला पालिकेची बाई आली. तरुण, पायात चिखलाचे बूट, काखेत इमारतीच्या दर्शनी भागाचा मूळ नकाशा. हातात एक यंत्र, त्यातून भिंतीवर लाल ठिपका पडायचा आणि अंतर कळायचं. समोरच्या फुटपाथवरून तिनं बराच वेळ पाहिलं. मग घरोघर आली. माझ्या घरच्या दोन खिडक्या मोजल्या, त्यांच्यावरून हात फिरवला. "कोण बघतं हो या? इतक्या जुन्या आणि एकही झडप लटकलेली नाही." मी अभिमानानं काकांकडे बोट दाखवलं. काका बरोबर फिरत होते, पण त्या दिवशी ते डोळे मिटून काही ऐकत नव्हते.

सिस्टरच्या खिडक्या झाल्या, बाकीच्यांच्या झाल्या. ती बाई म्हणाली, "हरकतीत लिहिलंय चौदाही एका मापाच्या, म्हणून मला चौदाही मोजणं भाग आहे." शेवटी काकांचं घर. मी काकूंच्या उशाशी बसले होते. लाल ठिपका चौकटीवरून खाली उतरला, थांबायच्या जागी थांबला नाही, आणखी वीतभर गेला.

"ही वेगळी आहे," ती म्हणाली.

"हो. मीच केली."

"का?"

काकांनी पलंगाकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. ती गुडघ्यांवर बसली, काकूंच्या डोक्याच्या उंचीवर आपलं डोकं आणलं आणि काचेतून बाहेर बघितलं. "हा कोण पळतोय?" तिनं विचारलं.

"पळपुट्या," काकू म्हणाल्या. "आज लवकर आलाय."

ती बाई उठली, कागद पुढे घेतला. आवाज मऊ झाला होता. "आजोबा, ही कधीची? इमारत यादीत यायच्या आधीची असेल तर प्रश्नच नाही. आधीचे बदल आम्ही जसेच्या तसे धरतो. नंतरची असेल तर मात्र परवानगी लागायला हवी होती."

काका म्हणाले, "आधीचीच असेल. नीट आठवत नाही."

"मग तसं लिहिते," ती म्हणाली आणि तिनं पेन टेकवलं.

इथे मी बोलले. कोणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, 'असेल' आणि 'आठवत नाही' हे काय कागदावर जाणार, उद्या सिस्टरनं शंका काढली तर? काका म्हणतात म्हणजे आधीचीच, मग पुरावा का नको? "माझ्या वहीत तारीख असेल," मी म्हटलं. "मी रोजचं लिहिते. एक दिवस चुकलेला नाही."

"सूनबाई, राहू दे," काका म्हणाले. "बस तू."

"एका मिनिटाचं काम," मी म्हटलं आणि उठलेच.

घरी देवाच्या फळीखाली सगळ्या वह्या वर्षांप्रमाणे लावलेल्या आहेत. मला सापडायला खरंच एक मिनिट लागलं. पानात बोट घालून धावत आले आणि दारातूनच वाचायला सुरुवात केली. गुरुवार, तारीख, महिना, साल. 'चार दिवसांची करवत आज थांबली. काकांनी काकूंसाठी खिडकी खाली घेतली. काकूंनी सहा महिन्यांनी रस्ता पाहिला. म्हणाल्या, बसला हिरवा रंग दिला वाटतं. मग रडल्या. आज दोन घास जास्त जेवल्या. देवा, तुझे उपकार.'

काकू पडल्या पडल्या म्हणाल्या, "हो ग, आधी लाल होती."

त्या बाईनं पेन उचललं. खालच्या दरवाजाशेजारी इमारत यादीत आल्याची पितळी पाटी आहे, तिच्यावर महिना आणि साल कोरलेलं आहे. रोज तिच्यासमोरून जाते मी. कधी वाचलं नव्हतं. त्या बाईला पाठ होतं. माझी तारीख पाटीच्या पाच महिने नंतरची होती.

"ताई," ती मला म्हणाली, "मी हे ऐकलं नसतं तर बरं झालं असतं."

तीन आठवड्यांनी निकाल आला. सिस्टरला प्लास्टिकची परवानगी नाही. जुन्या खिडकीच्या आतल्या बाजूनं दुसरी काच बसवायला हरकत नाही. आणि पहिल्या मजल्यावरची अमुक एक खिडकी नव्वद दिवसांत मूळ मापाला आणावी. खाली एक ओळ होती, मालकाला फेरविचारासाठी अर्ज करता येईल.

त्या दिवशी मी देवासमोर बसले, पण शब्द पुढे जाईनात. खोटं बोलले नव्हते. खरं बोलायची घाई मात्र झाली होती, आणि ती कशासाठी झाली होती हे देवाला सांगायची लाज वाटत होती. संध्याकाळी काकांकडे गेले. दारातच म्हटलं, "काका, माझ्यामुळे झालं."

त्यांनी मला बसायला स्टूल दिलं. म्हणाले, "तू खरं वाचलंस. मी म्हणालो आठवत नाही. मला आठवत होतं."

मी स्टूल पुढे ओढलं.

"ती पाटी ठोकायला आलेल्या माणसाकडे धड स्क्रू नव्हते. मी दिले. मेण लावून. ही तेव्हा इस्पितळातून नुकती घरी आली होती, भिंतीकडे तोंड करून. मी खाली स्क्रू दिले आणि वर येऊन खिडकीचं माप घेतलं. त्याच दिवशी. करायला पाच महिने लागले, लाकूड जुन्यासारखं मिळेना." त्यांनी चौकटीवरून अंगठा फिरवला. "आणि मी त्या पोरीची हरकत घेतली, चौदाही एका मापाच्या म्हणून."

आमच्या ह्यांनी मात्र हार मानली नव्हती. फेरविचाराच्या अर्जाचा मसुदा तयार करून आणला. आजारी पत्नी, माणुसकी, चौदा वर्षं, सगळं भारदस्त. काकांनी तो वाचला, घडी करून परत दिला.

"बाबू, तिला झोप नाही म्हणून नियम वाकत नाही असं मी लिहून दिलं. आता माझ्या बायकोसाठी वाकवा म्हणू?"

"काका, ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे ते तू सांग."

ह्यांनी मसुदा खिशात घातला. पलंगावरून काकू बोलल्या, छताकडे बघत. "न्याय तुमचा, डोळे माझे. छान वाटणी आहे."



दुसऱ्या सकाळी सिस्टर आली. एवढ्या दिवसांनी बोलली. "काका, मी लिहून देते. माझी हरकत नाही म्हणून. त्या बाईला मी स्वतः जाऊन भेटते."

"तुमची हरकत कधी होती?" काका म्हणाले. "हरकत माझी आहे."

"तुम्ही हट्टी आहात."

"हो."

ती सुईचं झाकण हातात घेऊन उभी राहिली. मग काकूंच्या केसांवरून हात फिरवला आणि वर गेली. पुढच्या आठवड्यात तिनं बाहेरच्या माणसाकडून आतली काच बसवून घेतली. काकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी करून दिली असती, हे तिलाही ठाऊक असणार. आता बसचा आवाज कमी येतो म्हणते, पाच तास सलग झोप लागते. एवढं एक तरी बरं झालं.

पलंग उंच करायची कल्पना माझी. मला वाटलं, खिडकी वर जाते तर पलंगही वर न्या. काकांनी चार ठोकळे केले, वीतभर उंचीचे, पायाला बरोबर खाच पाडलेले. आम्ही तिघांनी मिळून पलंग चढवला. काकू खुश झाल्या, "राणीसारखं वाटतंय," म्हणाल्या. दुपारी त्या उठून कडेला बसल्या आणि पाय खाली सोडले. तळवे टेकले नाहीत. अंगठे हवेत, जमिनीच्या वर. काकांनी खाली पाट ठेवला, तो सरकला. दोन पाट ठेवले, त्यावरून भिंतीपर्यंत हात पुरेना. काका म्हणाले, "मी उचलून नेत जाईन."

"अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी?"

"नेईन."

काकू पायांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "चार पावलं उरलीत माझी. ती विकून बसथांबा नको. काढा ते ठोकळे."

ठोकळे काढले. अजून कोपऱ्यात एकावर एक ठेवलेले आहेत.

मुदतीला नऊ दिवस असताना काकांनी खिडकीला हात घातला. बाहेरचा सुतार नको म्हणाले. काढलेल्या जुन्या फळ्या त्यांनी टाकल्या नव्हत्या, चौदा वर्षं माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर पेन्सिलीनं आकडा. टाकता येत नाही त्यांना काही. मी त्या दिवशी प्रार्थनेचं पुस्तक घेऊन गेले होते, पण वाचलं नाही. काच काढली, खालची चौकट जोडातून सोडवली, एकेक फळी बसवायला घेतली. खालून वर. पहिल्या फळीबरोबर लोकांचे पाय गेले. दुसरीबरोबर बाक गेलं, त्यावरचे जावई-सासरे गेले. काकू मान जरा जरा वर करत होत्या.

शेवटच्या फळीला काका थांबले. स्क्रूला मेण लावून झालं होतं. वळून म्हणाले, "बघून घे."

खाली बस उभी होती, घुरघुरत. काकूंनी बघितलं. किती वेळ ते मी मोजलं नाही. बस हलली, तिचं टप सरकत सरकत फटीतून निघून गेलं.

"लावा," काकू म्हणाल्या. "गेली."

त्यांनी लावली. रंग देऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती चिखलाच्या बुटांची बाई येऊन गेली, यंत्र न काढताच सही केली.

मी आता संध्याकाळी काकूंकडे जाते. सकाळी थांब्याशी जाऊन उभी राहते, कोण आलं, कोण नाही, पळपुट्याची बस चुकली का, ते वहीत लिहिते आणि त्यांना वाचून दाखवते. महिनाभर त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चांगलं लिहितेस ग. पण सगळं शिळं असतं." मी वही मिटली. परवापासून नुसती बसते. त्या आभाळाकडे बघतात. जेवण पुन्हा कमी झालं आहे. सिस्टरनं सुईचं प्रमाण उतरवलं.

काका चालते आहेत, बोलते आहेत, जिन्यात भेटले तर सूनबाई म्हणतात. पण पहिला रविवार येऊन गेला, त्यांनी दार वाजवलं नाही. त्यानंतरच्या महिन्याचाही गेला. माझ्या डावीकडच्या खिडकीची वरची बिजागरी तीन आठवडे कुरकुरते आहे. हे दोनदा म्हणाले, तेलाचा थेंब टाक की. तेलाची बाटली घरात आहे. मी टाकलेला नाही. रोज सकाळी ती खिडकी उघडते, मिटते, परत उघडते. भिंतीपलीकडे ते ऐकू जातं. गेलंच पाहिजे, तेवढी ती पातळ आहे.